व्याह्यांच्या गोळ्यांचं कोटिंग

कुमार चांदोरकर खोटं बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात कॉर्नब्रेडचा घास होता. त्यामुळे 'मी तसं म्हणालोच नव्हतो, तुम्हाला तसं ऐकू आलं' म्हणायची थोडी सोय होती. पण माणूस प्रामाणिक. घास गिळून त्यांनी तेच खोटं पुन्हा एकदा स्वच्छ उच्चारांत सांगितलं.

"पावडर कोटिंग ना? एकतीस वर्षं तेच केलंय मी."

ऐकणारा होता डेल प्रुइट, म्हणजे कुमाररावांचा होऊ घातलेला व्याही. उंच, उन्हानं भाजून लाल झालेला, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून रिटायर झालेला टेक्सन. चांदोरकर राहत त्या फ्रिस्कोपासून तासाभरावर, डेंटनच्या पलीकडे, त्याची ऐसपैस जागा होती आणि जागेच्या कोपऱ्यात पत्र्याचं गॅरेज. त्या गॅरेजात डेल शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतायचा. पुण्यात रिटायर झालेले लोक बोन्साय करतात, तितपतच हा छंद टेक्सासमध्ये गंभीर मानला जातो.

आता अशी घरी ओतलेली नुसती शिशाची गोळी बंदुकीच्या नळीत शिशाचे थर सोडते. म्हणून तिला रंगाच्या कोरड्या पावडरीत घोळवायचं आणि भट्टीत भाजायचं. पावडर वितळते आणि गोळीवर कडक, चकचकीत कवच बसतं. हे पावडर कोटिंग. डेलच्या गोळ्यांवर ते कधी धड बसत नव्हतं. "कुठे फोड येतात, कुठे टक्कल पडतं," असं तो ब्रिस्किटचं भाजलेलं मांस कापता कापता म्हणाला होता. अर्थात इंग्रजीत. तो 'यू' म्हणायचा आणि कुमारराव ते मनातल्या मनात 'तुम्ही' असं ऐकायचे. व्याह्यांत अरेतुरे बरं दिसत नाही.

कुमारराव माटुंग्याला शिकलेले केमिकल इंजिनियर होते, हे खरं. टेक्सासला येण्याआधी, पार्सिपनीतल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, हेही खरं. कंपनी पावडर कोटिंगचा रंग बनवायची, तेही खरं. फक्त कुमारराव प्राइसिंगमध्ये होते. रंग जिथे बनायचा ती इमारत ओहायोत होती आणि तिथे ते एकदा एका निरोप समारंभाला गेले होते. पावडरीचा भाव किती वाढवला तर गिऱ्हाईक ओरडेल आणि किती वाढवला तर नुसतं कुरकुरेल, यातला बारीक फरक त्यांच्याइतका कुणाला कळत नसे. पावडर मात्र त्यांनी स्लाइडवर पाहिली होती.

मग एवढ्या सज्जन माणसानं हे का बोलावं? तर त्याला कारण मराठी मंडळातल्या रत्नाताई. त्यांच्या मुलानं अमेरिकन मुलीशी लग्न केलं होतं. रत्नाताई आणि त्यांचे यजमान वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगला, आधी मेसेज करून, तारीख ठरवून, मुलाच्या सासरी जात. तिथे जेवणाच्या टेबलावर त्यांच्या नावाची कार्डं ठेवलेली असत. "सगळे इतके छान वागतात ना!" असं रत्नाताई सांगत. प्रीता कुमाररावांची एकुलती एक लेक, जनावरांची डॉक्टर. लग्नानंतर ती आणि डेलचा मुलगा कोल्टन राहणार होते प्रुइटांच्याच जागेत, मागच्या अंगाच्या घरात. कुमाररावांना लेकीच्या घरी कार्डावरच्या नावासारखं जायचं नव्हतं. गाडी लावली, चपला काढल्या, "चहा टाक गं" म्हटलं, असं जायचं होतं. त्यासाठी फाटकाशी जो माणूस आधी भेटणार, तो आपला हवा. आणि दोन पुरुष एकमेकांचे व्हायचे तर मध्ये एखादा विषय लागतो. हवामान पहिल्या भेटीतच संपलं होतं. फुटबॉल कुमाररावांना कळत नव्हता, क्रिकेट डेलला. राजकारणावर प्रीतानं दोन्ही बापांना बंदी घातली होती. अशा दुष्काळात पावडर कोटिंग हा विषय समोरून चालत आला, तर माणूस काय त्याला दारातून परत पाठवील?

डेल उठला आणि गॅरेजातून कॉफीचा एक जड डबा घेऊन आला. आत करड्या, बोराएवढ्या गोळ्या. "साचा माझ्या वडिलांचा आहे," तो म्हणाला. "शिसंही त्यांचंच. मासेमारीची जुनी वजनं वितळवली. लग्नात कोल्टनला द्यायच्यात. माझ्या हातून बिघडतील, त्यापेक्षा तुम्हीच करा. लाल करा. प्रीता म्हणते, लग्नात लाल शुभ."

"लालच करू," कुमारराव म्हणाले. इथे थांबले असते तरी चाललं असतं. "आमच्या रुखवतातच मांडतो."

"रुखवत म्हणजे?" लोरेननं, डेलच्या बायकोनं, विचारलं.

"इट्स अ फ्लेक्स, बेसिकली. शो-ऑफ," प्रीता म्हणाली. "मुलीकडचे हातानं केलेल्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडतात. विथ लाडूज."

परतीच्या वाटेवर गाडी प्रीता चालवत होती. डबा कुमाररावांच्या मांडीवर होता.

"बाबा, व्हॉट वॉज दॅट?" प्रीतानं आरशातून विचारलं. "तुम्ही प्राइसिंगमध्ये होता ना?"

"प्राइसिंगला आधी प्रॉडक्ट समजून घ्यावं लागतं."

"अहो, पण रुखवत आपल्या हातचं असतं," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्यांच्याच गोळ्या रंगवून त्यांनाच रुखवतात देणार? उद्या त्यांच्या गायी धुऊन मांडाल."

"गोळ्या त्यांच्या असतील. कसब आपलं."

"कुठाय?"

कुमाररावांनी खिडकीतून टेक्सासकडे पाहिलं. टेक्सासमध्ये बघण्यासारखं पुष्कळ सपाट होतं.

दुसऱ्या दिवशीच ते एका गॅरेज सेलमधून जुना टोस्टर ओव्हन घेऊन आले. सुहासिनीबाईंनी अटी घातल्या: हा ओव्हन उंबरठा ओलांडून घरात येणार नाही, यात कधी खाण्याची वस्तू जाणार नाही, शिशाला हात लावलेला माणूस साबणानं हात धुतल्याशिवाय फ्रिजला हात लावणार नाही. "आणि तो चेक्सचा शर्ट आता गॅरेजचाच," त्यांनी सांगितलं. तो शर्ट गॅरेजात जावा अशी त्यांची जुनी इच्छा होती. शिशाच्या निमित्तानं ती पुरी झाली.

मग कुमारराव व्हिडिओ पाहायला बसले. पावडर कोटिंग शिकवणारे सगळे दाढीवाले होते आणि प्रत्येकजण आधीच्याला मूर्ख म्हणत होता. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं. गोळ्या हलवायला प्लॅस्टिकचा डबा हवा आणि त्याच्या बुडाशी त्रिकोणात पाच हा आकडा हवा. तशा प्लॅस्टिकमध्ये गोळ्या घुसळल्या की घर्षणानं वीज तयार होते आणि पावडर गोळीला आपसूक चिकटते. कुमाररावांनी घरातला दह्याचा मोठा डबा उलटा करून पाहिला. पाच! दुसरा पाहिला. पाच! तीस-पस्तीस वर्षांत चांदोरकरांच्या घरातून दह्याचा एकही डबा बाहेर गेला नव्हता. अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरातून जात नाही. कुमाररावांना पहिल्यांदाच वाटलं की आपण या कामासाठी जन्मलो आहोत.

"यात काळे मणीही टाकतात," ते सुहासिनीबाईंना म्हणाले. "प्लॅस्टिकचे. त्यानं वीज जास्त होते."

"माझ्या पोतीकडे बघू नका."

मणी ऑनलाइन मागवले.

पहिल्या खेपेत त्यांनी रंगवलेल्या गोळ्या ट्रेमध्ये फरसाणासारख्या ओतल्या. भाजून बाहेर आली ती शिशाची चिक्की. फोडताना एकेका गोळीचं सालपट दुसरीबरोबर गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी गोळ्या एकमेकींना न चिकटता उभ्या मांडल्या, पण कोटिंगवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्यांना कळलं, की दोष डोकं खाजवण्यातच आहे. दर रविवारी ते टाळूला खोबरेल थापत. तेच हात गोळ्यांना. तेलकट जागी पावडर नीट बसत नाही. मग त्यांनी गोळ्या अ‍ॅसिटोननं धुतल्या, वाळवल्या, हातमोजे घातले. तिसऱ्या खेपेला प्रत्येक गोळीच्या कमरेवर चिमट्याचे दोन ओरखडे आले. चौथ्या खेपेला चिमटा अगदी बुडाशी धरला, जिथे डाग पडला तरी दिसत नाही. गोळीवरची जादा पावडर चिमट्यावर टिचकी मारून झाडली. न चिकटणारी फॉइल पसरून तिच्यावर गोळ्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या, हातभर नाही पण बोटभर अंतरानं उभ्या केल्या. चारशे फॅरनहाइट, वीस मिनिटं, आणि मध्ये दार उघडायचं नाही.

बाहेर आल्या त्या गुंजेसारख्या लाल. कुमाररावांनी एक गार करून तिच्यावर हातोडा मारला. गोळी चपटी झाली, पण लाल कवच कुठे तडकलं नाही, सुटलं नाही. त्यांनी फोटो काढून डेलला पाठवला. डेलचं उत्तर आलं, "वेल, आय'ल बी डार्न्ड."

"म्हणजे काय हो?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"म्हणजे मानलं."

ही सगळी चाचणी मूठभर गोळ्यांवर झाली होती. मुख्य घाणा लग्नाच्या आधी दोन दिवस, गुरुवारी सकाळी काढायचा ठरला, कारण त्या दुपारी मेंदी होती आणि डेल-लोरेन येणार होते. व्याही येतील तेव्हा गोळ्या ताज्या, चकचकीत असाव्यात, हा हिशेब. उरलेली लाल पावडर त्यांनी जुन्या चहाच्या गाळणीनं मण्यांतून गाळून दह्याच्या एका स्वच्छ डब्यात भरली आणि झाकण लावलं. पाहुणे येणार म्हणून बुधवारी गॅरेज आवरलं. सुहासिनीबाईंच्या फळीवर दह्याच्या डब्यांची ही गर्दी होती. कशात पणत्या, कशात वाती, कशात रांगोळीचे रंग. एकावरही चिठ्ठी नाही. बाईंना कुठल्या डब्यात काय हे जागेवरून कळायचं. कुमाररावांना रांगेत नसलेली वस्तू बघवत नसे. त्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले आणि आपल्या डब्यासकट आकारानुसार लावले. फळी अशी देखणी दिसली, की तिचाही त्यांनी फोटो काढला.

गुरुवारी सकाळी त्यांनी फळीवरून लाल पुडीचा डबा उचलला, घुसळायच्या डब्यात चमचाभर पावडर आणि मणी टाकले, गोळ्या टाकल्या आणि घुसळायला सुरुवात केली. पावडर काही चिकटेना. "खाली गल्फच्या समुद्रावरून दमट हवा आलीय," ते स्वतःशीच म्हणाले, कारण एका दाढीवाल्यानं तसं सांगितलं होतं. आणखी दोन चमचे टाकले. आणखी घुसळलं. हात भरून आले तरी घुसळलं. अखेर गोळ्या लालसर दिसायला लागल्या, तशा त्यांनी त्या प्रार्थनेला उभ्या केल्या आणि भट्टी लावली.

वेळ झाल्यावर दार उघडलं, तर पावडर होती तशीच. वितळली नव्हती. बोट लावलं तर बोट लाल झालं आणि गोळी करडी. भट्टी चढवून पुन्हा भाजलं. पुन्हा तेच. कपड्यानं पुसून पाहिलं, तर खाली शिशावर बारीक बारीक ओरखडे, जणू कुणी वाळूनं घासलंय. डेलच्या वडिलांच्या साच्यातून निघालेल्या, मासेमारीच्या वजनांच्या गोळ्या होत्या त्या. कुमाररावांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांना आठवलं, घामही तेलकट असतो.

इकडे गॅरेजच्या बंद दाराबाहेर, ड्राइव्हवेवर, सुहासिनीबाई आणि त्यांची मैत्रीण गिरिजा मेंदीसाठी मोठी रांगोळी काढत होत्या. त्यांनाही सकाळपासून वैताग आला होता.

"अगं, ही लाल रांगोळी चिमटीतून पडतच नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बोटांनाच चिकटून बसते. आणि फुंकर मारली की धूर."

"नव्या दुकानातून आणलीस ना? भेसळ!" गिरिजानं निकाल दिला. "हल्ली रांगोळीत पण भेसळ करतात मेले. चाळणीनं सोड."

चाळणीनं सोडली. कमळाच्या पाकळ्या इतक्या मखमली भरल्या गेल्या की गिरिजानं आपला निकाल थोडा मागे घेतला.

कुमाररावांनी ट्रेवर जुना टॉवेल टाकला तेवढ्यात डेलचा पिकअप येऊन उभा राहिला. ते लगबगीनं बाजूच्या दारानं बाहेर आले. डेल शहाणा माणूस. प्रीतानं त्याला बजावलं होतं की आमच्याकडे जोडे बाहेर काढायचे. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे सांगायचं राहिलं असावं. त्यानं फुटपाथपाशीच बूट काढले आणि पांढऱ्या मोज्यांवर, रांगोळीच्या कडेकडेनं, हात पसरून तोल सावरत, तो पुढे आला. तो रांगोळीला कुठेही शिवला नव्हता. तरी रांगोळी त्याला शिवली. त्याच्या नायलॉनच्या मोज्यांकडे कमळातली लाल पूड हलकेच उडून चिकटत होती. दारापर्यंत पोचेतो त्याचे तळवे नववधूसारखे झाले होते.

डेल खाली वाकला. मोज्यावरची पूड बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग रांगोळीतून चिमूटभर उचलली, खिशातल्या चाकूच्या पात्यावर ठेवली आणि खालून लायटर धरला. सगळे बघत राहिले. पूड वितळली, पसरली आणि पात्यावर लाल, ओल्यासारखा चमकणारा ठिपका तयार झाला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" गिरिजा म्हणाली. "प्लॅस्टिक घालतात!"

"मॅम," डेल सुहासिनीबाईंना म्हणाला, "ही पावडर माझ्या गॅरेजातही आहे." मग त्यानं कुमाररावांकडे पाहिलं. "हे जर इथे आहे, तर माझ्या गोळ्यांवर काय आहे?"

उत्तर सगळ्यांना एकदमच कळलं, पण सुहासिनीबाईंना सगळ्यांत आधी. त्यांनी फक्त एक शब्द विचारला.

"फळी?"

"आवरली होती," कुमारराव म्हणाले.

गॅरेजात जाऊन त्यांनी टॉवेल उचलला. ट्रेमध्ये गोळ्या उभ्या होत्या. बोटभर अंतरानं, बिनचूक रांगेत, रांगोळी फासलेल्या. डेलनं एक उचलली, फुंकली. लाल धूळ उडाली आणि खाली ओरखडलेलं शिसं दिसलं. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचा भुगा. तो भाजून वितळणार कसा?

कुमाररावांपुढे दोन वाटा होत्या. गल्फची दमट हवा अजून शिल्लक होती, ती वापरता आली असती. पण रांगोळी आणि पावडर यांतला फरक न कळणारा माणूस एकतीस वर्षं पावडर कोटिंग करत होता, हे दमट हवेतसुद्धा टिकलं नसतं.

"मी प्राइसिंगमध्ये होतो," ते म्हणाले. "रंगाची किंमत ठरवायचो. कोटिंग कधीच केलेलं नाही."

"ठाऊक आहे," डेल म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"प्रीतानं मागच्याच थँक्सगिव्हिंगला सांगितलं होतं. माझे बाबा रंगाच्या किमती ठरवतात म्हणून. मला वाटलं, केवढं रटाळ काम." तो गोळीकडे बघत होता. "मग त्या दिवशी तुम्ही दोन दोनदा सांगितलंत की कोटिंग करत होता. लोरेन भांडी धुताना मला म्हणाली, हा माणूस खोटं का बोलतोय? मी म्हटलं, मला वाटतं त्याला परत यायचंय."

कुमाररावांनी हातातल्या टॉवेलची नीट चौकोनी घडी घातली.

"आणि तरी वडिलांच्या गोळ्या दिल्यात?" मग त्यांनी विचारलं.

"शिसंच आहे. फारच बिघडल्या तर पुन्हा वितळवू." डेलनं गोळी ट्रेमध्ये ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "पण तो फोटोतला नमुना खोटा नव्हता ना?"

"तो मीच केला. चौथ्या खेपेला."

"मला सहा वर्षांत तशी एक जमलेली नाही. कसं केलंत?"

त्यापुढचं जे झालं ते मेंदीला आलेल्या बायकांनी खिडकीतून आळीपाळीनं पाहिलं. दोन वयस्कर गृहस्थ आधी बादलीत गोळ्या धूत होते. मग त्या अ‍ॅसिटोननं पुसून पंख्याखाली वाळवत होते. सुहासिनीबाईंनी रांगोळीतून उरलेला डबा, "यावर आता चिठ्ठी लावा मेहेरबानी करून," असं म्हणत आणून दिला. पावडर थोडीच होती, पण या कामाला थोडीच लागते. कुमाररावांनी घुसळायला सुरुवात केली आणि पहिल्याच मिनिटात गोळ्या लाल मखमलीसारख्या झाल्या.

"अशी टिचकी मारायची," ते शिकवत होते. "चिमटा बुडाशी. नाही, नाही, कमरेला नको. आता उभी करा. एवढी जवळ नको. श्वास घ्यायला जागा द्या तिला."

"माझ्या चिकटतात का, ते आता कळलं," डेल म्हणाला. "मी एका ट्रेमध्ये दुप्पट बसवतो."

"आणि मध्ये दार उघडून बघता?"

"दर दोन मिनिटांनी."

"त्याचेच ते फोड."

"बघितल्याशिवाय कळणार कसं, झालंय की नाही?"

"एकतीस वर्षं मी महिनाअखेरचे आकडे यायची वाट बघितलीय," कुमारराव म्हणाले. "दार न उघडता बसायचं काम माझ्याकडे द्या."

ते ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. डेल दोनदा उठला, दोनदा त्यांनी त्याला बसवलं. प्रीता कोपरापर्यंत मेंदी घेऊन, दोन्ही हात वर धरून दारात आली.

"बाबा, आत सगळे विचारतायत. आर यू गाइज ओके?"

"शू," डेल म्हणाला. "अजून चार मिनिटं."

प्रीता गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आणि लोरेनचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

गोळ्या निघाल्या त्या फोटोतल्यापेक्षा चांगल्या. ओरखडे कवचाखाली दिसेनासे झाले होते. डेलनं हातोडा मारला, मग अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. रंग हलला नाही. त्यानं आणखी एक चपटी केली, गरज नसताना.

शनिवारी लग्नाच्या हॉलमध्ये रुखवत मांडताना हॉटेलच्या मॅनेजरबाई आल्या. होमाच्या विस्तवासाठी त्यांनी तीन आठवडे अर्ज करायला लावले होते, आणि हॉलच्या कोपऱ्यात अग्निशामक नळकांडं घेतलेला एक माणूस तासाच्या बोलीवर उभा केला होता. लाडवांच्या डोंगराशेजारी गोळ्यांचा डोंगर पाहून त्या थबकल्या. कुमाररावांनी घाईनं सांगितलं, की यात दारू नाही, नुसतं शिसं आहे, आणि मुलांचा हात लागू नये म्हणून वर काचेचं झाकण घातलंय.

"ते ठीक आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पण शेजारची ती तुपाची निरांजनं पेटवणार नाही ना?"

साखरेचा बंगला, क्रोशाचे रुमाल, रव्याचे लाडू आणि मध्ये लालचुटुक गोळ्या. मराठी पाहुण्यांनी बंगल्याचे फोटो काढले, टेक्सन पाहुण्यांनी गोळ्यांचे. रत्नाताई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, "कशाचे वळलेत?"

नवं जोडपं दुसऱ्याच दिवशी न्यू मेक्सिकोला गेलं. त्याच्या पुढच्या बुधवारी कुमारराव सकाळी उठले, आंघोळ केली आणि गाडीची किल्ली घेतली.

"कुठे?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"डेलकडे."

"प्रीता नाहीये तिथे. कोल्टन नाहीये. कळवलंयत का त्यांना?"

"नाही."

"मग काय म्हणून जाताय?"

याचं उत्तर त्यांनी तासभर गाडीत तयार केलं. ट्रे परत द्यायचा राहिलाय. नाही, ट्रे आपलाच होता. चिमट्याविषयी विचारायचंय. फोनवर विचारता आलं असतं. इकडून चाललो होतो. इकडून कुणी कुठेच जात नाही. शेवटी त्यांनी ट्रेवरच शिक्कामोर्तब केलं आणि मनात दोनदा घोकून ठेवलं. फाटक उघडंच होतं.

डेल गॅरेजच्या दारात उकिडवा बसून काहीतरी पुसत होता. गाडीच्या आवाजानं त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "हे निळं धरत नाहीये."

आत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मांजर झोपलं होतं. डेलनं मांजराला उठवलं.